अक्षर सरळ आलंय बघ

प्रिय सुमे,

तुझी तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. पेन धरलं की वेलांटी लटपटायची, आणि तसलं अक्षर तुला दाखवायला जीव धजेना. बाकी तब्येत ठीक, वजन भरतंय.

थायरॉइड वाढल्याचं आईनं सांगितलंच तुला. कार्बिमाझोल सुरू झालं, ग्रंथीला आवर घालणारं, सोबत कंप-धडधड थांबवायला प्रोप्रॅनोलॉल, ४० मिलिग्रॅम दिवसातून चारदा. दोन दिवसांत हात थांबला गं! कप बशीत वाजेना, धडधड गेली. बरी झाले समजून कार्बिमाझोल मनानंच बंद केलं. पंधरा दिवस. ओरडू नकोस, डॉक्टर पुरेसे ओरडलेत.

रिपोर्टमध्ये थायरॉइडची दोन संप्रेरकं असतात, टी-थ्री थोडा उतरलेला, टी-फोर मात्र चढलेलाच. मी टी-थ्रीवर बोट ठेवून भांडले. त्यांनी कागदावर रेणू काढला. ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते, चार आयोडीनवाला. जोर टी-थ्रीचा, आणि तो एरवी बहुतेक ग्रंथीबाहेरच तयार होतो, यकृतात, मूत्रपिंडात, टी-फोरचा एक आयोडीन काढून. मोठ्या डोसात प्रोप्रॅनोलॉल हे काढणंच अडवतं. टी-थ्री घटतो, निकामी रिव्हर्स टी-थ्री वाढतो. हात थांबवणं हा गोळीचा निराळाच गुण. तो अ‍ॅटेनोलॉल या तिच्याच जातीच्या गोळीलाही आहे, पण टी-थ्री त्यानं फारसा हलत नाही. म्हणजे माझी ग्रंथी जराही शांत झाली नव्हती.

आयोडीनच्या टायट्रेशनला, त्या थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगाला, एक थेंब जास्त सोडून 'एका थेंबानं काय होतंय' म्हणाली होतीस ना? दोन दिवस बोलले नव्हते. आता बघ, एका अणूनं काय होतं ते! माझंच बरोबर होतं.

पण सुमे, आता मला कळणार कसं? आधी हात सांगायचा. आता तो गप्प. रात्री उठून नाडी मोजते, ७२ भरते. ते ७२ माझे की गोळीचे? पुन्हा झोप येत नाही. घरात बोलले तर म्हणतात, बरं वाटतंय ना, मग झालं तर.

बढतीचे पेढे राखून ठेव. लेकाची दहावी कशी गेली? आणि आईकडून ऐकून 'भाषणाआधी मलाही ती गोळी दे' लिहिलंस, ते अजिबात नाही. तुला दमा आहे. हिच्यानं श्वासनलिका आवळतात.

कार्बिमाझोल पुन्हा चालू केलंय. सहा आठवड्यांनी रक्त द्यायचंय. त्या दिवशी येशील?

तुझीच,
मंगी