त्या कागदाबद्दल

वसई,
शनिवार रात्र

प्रिय बाळा,

माझ्या लिव्हिंग विलवरून, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदावरून, परवा फोनवर तू चिडलीस. "देवाने दिलेला जीव नोटरीसमोर कसला लिहून देताय, पप्पा?" मी गप्प बसलो, कारण तुझी आई शेजारीच होती आणि तिचाही प्रश्न तोच होता.

आजोबांचे शेवटचे अकरा दिवस तू पाहिले नाहीस, तुझी बारावीची परीक्षा होती. नळी उपसतील म्हणून त्यांचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले होते. फादर आले. रुग्णाभ्यंगात, म्हणजे आजाऱ्याला द्यायच्या संस्कारात, कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, म्हणून सिस्टरने पाच मिनिटं पट्ट्या सोडल्या. आजोबांनी नळीला हातही लावला नाही. माझं मनगट धरलं, तेलकट हातानेच. मग सिस्टरने पुन्हा बांधलं. डॉक्टर रोज सांगायचे, सुधारणा नाही. पण थांबायचं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

व्हेंटिलेटर नवा होता तेव्हा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या ब्रूनो हाइड नावाच्या भूलतज्ज्ञालाही हाच प्रश्न पडला होता, थांबायचं का. त्याने थेट पोप बारावे पायस यांना विचारलं. २४ नोव्हेंबर १९५७ला उत्तर आलं: नेहमीचे उपचार करणं कर्तव्य, असाधारण उपायांची सक्ती नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं चर्चला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. मलाही नाही, हे आईला सांग. माझं ती ऐकत नाही. दुसरे जॉन पॉल २००५मध्ये अखेरच्या दिवसांत रुग्णालयात परत गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. त्यांना कुणी अश्रद्ध म्हटलं का?

अन्नपाण्यापाशी मात्र मी आठवडाभर अडलो. व्हॅटिकनचं म्हणणं, शरीर घेतंय तोवर नळीने का होईना, द्यावं. मला ते जड गेलं. मग अरुणा शानबाग आठवली, हल्ल्यानंतर कधीच शुद्धीवर न आलेली मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. १९७३पासून २०१५पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. तिचं अन्न थांबवावं अशी मागणी झाली तेव्हा २०११ला सुप्रीम कोर्टानेही त्या परिचारिकांचंच ऐकलं. तेव्हा तेवढं कलम चर्चच्या मताने घातलं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं: बरं होण्याची आशा नसेल तर नको. वेदनेचं औषध हवं, गुंगी आली तरी चालेल.

२०१८ला कोर्टाने अशा कागदाला परवानगी दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, त्यामुळे कागदात तुझं नाव असलं तरी तुझ्या एकटीच्या शब्दावर काही बंद होणार नाही. ते ओझं तुझ्यावर टाकलेलं नाही.

तुझं नाव पासपोर्टवर कसं आहे ते कळव, मसुद्यात तसंच हवं. शेवटी एक ओळ मी हट्टाने घालून घेतली: माझे हात बांधू नयेत. वकील म्हणाले, असलं काही लिहीत नाहीत. म्हटलं, असू द्या.

तुझे पप्पा