व्हायरसच्या मेलवर ज्याचं नाव, तोच दोषी कसा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसात व्हायरसचा मेल फिरला की लगेच सगळे बघतात तो कोणाच्या नावाने आला, आणि मग त्या माणसाची काही खैर नसते. आमच्याकडे हल्लीच अकाउंट्समधल्या एका ताईंच्या नावाने 'पेंडिंग इनव्हॉइस' म्हणून मेल गेला, सोबत झिप फाइल, आणि तपास व्हायच्या आधीच त्यांच्या हातात मेमो. त्यांचा कॉम्प्युटर साफ निघाला तरी मेमो अजून तसाच आहे. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

मेलमधलं 'फ्रॉम' म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेलं नाव, कोणीही कोणाचंही टाकू शकतं. 1999 चा मेलिसा व्हायरस ज्याच्या मशीनवर बसायचा त्याच्याच नावाने आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर जायचा, 2000 चा आय लव्ह यूही ज्याच्या मशीनवर बसायचा त्याच्याच नावाने सगळ्या पत्त्यांवर जायचा, त्यामुळे तेव्हा नावावरून माणूस सापडायचा. पण क्लेझ आणि 2003 चा सोबिग आले आणि ते दिवस संपले. हे व्हायरस मशीनमध्ये सापडलेल्या पत्त्यांपैकी एक पाठवणारा म्हणून लावायचे आणि दुसऱ्याला मेल टाकायचे, म्हणजे 'अ'च्या नावाने 'ब'ला मेल आला तरी व्हायरस असायचा 'क'कडे, ज्याच्याकडे दोघांचेही पत्ते आहेत. नंतरचा इमोटेट तर चोरलेल्या जुन्या मेललाच रिप्लाय करायचा. अशा वेळी तो जुना मेल कोणाकोणाच्या मेलबॉक्समध्ये होता ते बघायला हवं, त्यात बाहेरचा सप्लायरही असू शकतो ना!

खरा माग लागतो हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत लपून येणाऱ्या प्रवासाच्या नोंदीत. जीमेलला तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' केलं की 'रिसीव्हड'च्या ओळी दिसतात, वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर टाकतो म्हणून त्या खालून वर वाचायच्या, अगदी खालच्या खोट्या घुसवलेल्या असू शकतात पण आपल्या स्वतःच्या सर्व्हरने टाकलेल्या ओळीवर भरवसा ठेवता येतो. तिथे मेल देणाऱ्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, असतो. तो ऑफिसातलाच निघाला तर त्या वेळी कोणत्या मशीनला दिला होता ते डीएचसीपीच्या (मशीनना आयपी वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये सापडतं, पण लॉग बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत पुसले जातात म्हणून हे त्याच दिवशी करायला पाहिजे. आणि मेल खरंच त्या माणसाच्या अकाउंटवरून गेला असेल तरी आधी लॉगिन कुठून झालं ते बघा, पासवर्ड चोरीला गेलेला असू शकतो.

होतं काय, की लोक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात आणि घाबरून मूळ मेल डिलीट करतात. स्क्रीनशॉटमध्ये हेडर नसतं, साध्या फॉरवर्डमध्येही मूळ हेडर जात नाही. मेल न उघडता 'अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड' करून आयटीवाल्यांना द्यायचा, हे नवीन माणसाला जॉइन होतानाच का शिकवत नाहीत?

मेमोची भीती बसली की ज्याने फाइल उघडली तो तोंडच उघडत नाही, आणि तोवर व्हायरस शेअर्ड फोल्डरपर्यंत पोचलेला असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशाप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कंपनीने त्यांना कळवायचं असतं. पण माणसं दोन-दोन दिवस गप्प बसणार असतील तर कंपनीच्या ते लक्षात येणार कधी?

आपला,
एक वाचक, नाशिक