आईचा प्रश्न साक्षीत आला नाही

संपादक महोदय,

खऱ्या गुन्ह्यांवरून लिहिल्या जाणाऱ्या कथा-मालिकांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. आरोपपत्र हाती आलं की लेखकाचं अर्धं काम झालं, हे त्यातलं विधान मला अजिबात पटलं नाही. नागपूरच्या सत्र न्यायालयात मी 31 वर्षं स्टेनो होते. कागदावर काय येतं आणि काय बाहेर राहतं, ते रोज पाहिलं आहे.

एका खुनाच्या खटल्यात मारल्या गेलेल्या मुलाची आई साक्षीला उभी होती, काटोलकडच्या खेड्यातली. सरकारी वकिलांनी मुद्देमालाचं पाकीट उघडलं. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि आत एकच रबरी चप्पल, अंगठ्याचा तुटका पट्टा तारेने बांधलेला. तिने लगेच ओळखली. तार तिनेच बांधून दिली होती. एवढं मी टाइप केलं. मग ती न्यायाधीश साहेबांकडे वळून म्हणाली, ‘‘चप्पल मले वापस भेटन का, साहेब?’’ हे काही वकिलांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. साहेबांनी ते टाइप करायला सांगितलं नाही, मी टाइप केलं नाही. आज कोणी लेखक ती फाईल काढून बसला, तर त्याला हे वाक्य सापडणार नाही.

खऱ्या गुन्ह्यावरून लिहूच नये, असं माझं म्हणणं नाही. अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ मी तीनदा वाचली आहे. वैमानिक लिंडबर्गचं वीस महिन्यांचं बाळ अमेरिकेत 1 मार्च 1932 ला पळवून मारलं गेलं, त्यावरून ती सुचली. कादंबरी आली 1934 च्या जानेवारीत, आणि आरोपीला अटक झाली त्याच वर्षी सप्टेंबरात! म्हणजे गुन्हेगार उचलायची सोयच नव्हती. बाईंनी उचललं ते दुसरंच. बाळाच्या आजोळी व्हायोलेट शार्प नावाची मोलकरीण होती. पोलिसांनी तिला पुन्हापुन्हा विचारलं, आणखी चौकशीला बोलावणं आल्यावर 10 जून 1932 ला तिने विष घेतलं. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, हे नंतर कळलं. कादंबरीतही एक निर्दोष मोलकरीण संशयापायी जीव देते. तिचा विसर न पडलेलं माणूस त्या गाडीत आहे. ते काढून टाका, गोष्ट कोसळते.

आपल्याकडे काय होतं? नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांना वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला 13 ऑगस्ट 2004 ला जमावाने न्यायालयातच मारलं, तेव्हा मी त्याच आवारात कामावर होते. पुढे ते प्रकरण पडद्यावर आलं. तेव्हापासून ओळखीचे लोक मला त्या काही मिनिटांबद्दलच विचारतात. किती जणी होत्या, तिखट कोणी आणलं. त्याआधीची कितीतरी वर्षं कस्तुरबानगरच्या बायकांनी कशी काढली, संध्याकाळी दाराला कडी घालताना त्यांना काय वाटत असेल, हे आजवर एकानेही विचारलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. लिहिणाऱ्यांनी त्या वस्तीत जाऊन बसावं, कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला आलेल्या नातेवाइकांशी बोलावं, एवढीच कळकळीची विनंती आहे.

चपलेच्या त्या खटल्यात पुढे दोन्ही पंच फितूर झाले, आरोपी सुटला. निकालपत्राच्या शेवटी नेहमीचा आदेश होता: मुद्देमाल किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. तो मात्र मी टाइप केला.

— एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका, प्रतापनगर, नागपूर