शिस्तीच्या नावाखाली गेलेले बळी

संपादक महोदय,

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९५७ सालच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणून नावाजले जाते. पण त्यात शत्रू जवळजवळ दिसतच नाही, हे आवर्जून सांगायला हवे. पहिल्या महायुद्धातील एका अशक्यप्राय चढाईच्या अपयशाचे खापर सैनिकांवर फोडण्यासाठी फ्रेंच सेनानी तीन जवानांवर भित्रेपणाचा खटला चालवतात. त्यांपैकी एक चिठ्ठ्या टाकून निवडलेला, तर दुसरा आपल्याच अधिकाऱ्याच्या दुष्कृत्याचा साक्षीदार! लेखी आरोपपत्र नाही, कामकाजाची नोंद नाही. कर्क डग्लस यांनी साकारलेला कर्नल डॅक्स मूळचा निष्णात वकील, पण तोही हतबल ठरतो. कवटीला मार लागून बेशुद्ध पडलेल्या जवानाला स्ट्रेचरला बांधून वधस्तंभाशी नेतात आणि गोळ्या घालण्यापूर्वी गालाला चिमटे काढून शुद्धीवर आणतात, ते दृश्य मला आजही असह्य होते. यामागे सत्य घटनेचा आधार आहे: मार्च १९१५ मध्ये सुआँ येथील चार फ्रेंच कॉर्पोरलना असेच ठार करण्यात आले आणि १९३४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले गेले. तरीही फ्रान्समधील प्रेक्षकांना हा चित्रपट पाहण्यासाठी १९७५ पर्यंत थांबावे लागले, याची मला मनापासून चीड येते.

– एक चित्रपटप्रेमी वाचक