शिक्का कुणाकडे आहे?

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

सोसायटीचा चेअरमन झालास, अभिनंदन करू की सांत्वन? "मी नको नको म्हणत होतो, तरी घोड्यावर बसवलं" हे तुझं वाक्य वाचलं आणि चीनचा ली युआनहोंग आठवला. गडी दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या सोयीनं.

मूळचा आरमारातला. 1894 च्या जपानशी झालेल्या युद्धात जहाज खडकावर चढलं, हा समुद्रात उडी टाकून वाचला. मग पायदळात. 10 ऑक्टोबर 1911 ला वुचांग शहरातल्या शिपायांनी बादशाहीविरुद्ध बंड केलं, तेव्हा हा तिथला ब्रिगेड-प्रमुख, म्हणजे सरकारच्या बाजूचा. पण बंडवाल्यांपाशी वजनदार नावच नव्हतं. त्यांनी ह्याला शोधून (पलंगाखालून ओढला म्हणतात, मला ती विरोधकांची फोडणी वाटते) बंदुकीच्या धाकानं लष्करी गव्हर्नर केलं. जाहीरनाम्यावर सही करेना, तर दुसऱ्यानंच त्याच्या नावानं ठोकली आणि कागद भिंतींवर लागले! नाव गावभर झाल्यावर पठ्ठ्यानं काही दिवसांत वेणी (बादशाहीशी निष्ठेची खूण) कापली.

1912 ला बादशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, हा उपराष्ट्राध्यक्ष. पुढच्या वर्षअखेर राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईनं त्याला बीजिंगला आणून यिंगताई बेटावर ठेवलं. पूर्वी ग्वांगशू बादशहाला कोंडलं होतं, तिथेच. मग युआनला स्वतः बादशहा व्हायची हुक्की आली, ह्यालाही राजपुत्राचा किताब देऊ केला. हा नाही म्हणाला. कैदेत बसून म्हणाला, हे विसरू नकोस. ह्या एका नकारासाठी मला तो आवडतो.

1916 ला युआन गेला, हा अध्यक्ष. महायुद्धात उतरण्यावरून पंतप्रधान दुआन चिरुईशी बिनसलं. त्याला काढलं आणि मध्यस्थीला सेनापती झांग शुनला बोलावलं. त्यानं जुलै 1917 ला अकरा वर्षांच्या पुयीला, गादीवरून गेलेल्या बादशहालाच, परत गादीवर बसवलं! ली जपानी वकिलातीत पळाला. बादशाही बारा दिवसांत आटोपली, ह्याचं पदही गेलं.

1922 ला पुन्हा बोलावणं आलं, आणि गेला रे! वर्षभरात हुसकावलं. पण राष्ट्राध्यक्षपदाचे शिक्के बीजिंगमध्ये धाकट्या बायकोकडे होते. तिआनजिनला ह्याची आगगाडी अडवली, शिक्के द्यायचा निरोप धाडल्यावरच सुटका. मग खासदारांना पैसे चारून त्साओ कुन अध्यक्ष झाला. ली तिआनजिनलाच 1928 ला वारला.

तुमच्या सोसायटीचा शिक्का कुठल्या कपाटात आहे, नि किल्ली कुणाकडे? आधी ते बघ. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू