दिवाडी बेट तुम्हाला दाखवायचं आहे

प्रिय आई-बाबा,

सा. न.

फोनवर घाईघाईत सांगून हे संपायचं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

रविवारी दिवाडी बेटावर गेले होते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते, चालत येणाऱ्याला तिकीट नाही, आणि मांडवी ओलांडायला जेमतेम काही मिनिटं. बोटीवर एक पोरगा वेफर्सचं रिकामं पाकीट पाण्यात टाकायच्या बेतात होता. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी नुसता हात पुढे केला. पाकीट घेतलं, घडी घालून टोपलीत सरकवलं आणि कोकणीत म्हणाल्या, "न्हंय आमची मरे, पुता," म्हणजे नदी आपली आहे ना, बाळा. ना आवाज चढवला, ना पोराला लाजवलं. आई, मला तुझीच आठवण आली.

पिएदादच्या टेकडीकडे चढताना अंगणं बघत गेले. झाडून काढलेला पाला माडांच्या आळ्यात, रस्त्याच्या कडेला कागदाचा कपटा नाही. एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसलेल्या आजींनी ओळखदेख नसताना हाक मारली, बसवून घेतलं आणि पेज पुढे केली, सोबत आंब्याचं मिस्कूट, म्हणजे इथलं लोणचं. कुठली, कोणाची, एकटी राहतेस का, जेवतेस काय, सगळं विचारून घेतलं. परक्या गावात कोणी इतकं आपुलकीने विचारलं की बरं वाटतं हो.

बाबा, आता तुमच्या पाटबंधारे खात्यातली गोष्ट. इथे नदीचं पाणी भरतीला खारं होतं, तरी काठाला भातशेती आहे. तिला खाजन म्हणतात. मातीचे बांध घालून शेतं राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते, भरती आली की नदीचं पाणीच ती लोटून बंद करतं. ना मोटर, ना वीज. कोरगुट नावाचं भात थोडा खारटपणा सोसतं, तेच इथे लावत आले. मी बांधावर उभी राहून बघत होते तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात.

मला वाटतं, इथल्या स्वच्छतेचं मूळ या बांधातच असावं. खेकड्यांनी एका जागी बांध पोखरला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार. मग जे सगळ्यांचं ते आपलंच समजून सांभाळायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागते. गर्दीच्या किनाऱ्यांवर सकाळी बाटल्यांचा खच दिसतो तेव्हा जीव तुटतो माझा. तोही गोवाच, पण पर्यटकांनी असा करून टाकलेला तेवढाच गोवा तुम्ही पाहिलात, म्हणून "तिथे काय बघायचं" म्हणता.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते. पलीकडे सप्तकोटेश्वर. कदंब राजांचा हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर तो नदीपार नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून घेतलं. दारावरचा शिलालेख बाबांनी स्वतः वाचावा अशी माझी फार इच्छा आहे.

जानेवारीत या. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतरा, मी गाडी घेऊन येते. फेरीत चढायला पायऱ्या नाहीत, उतार आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. आई, तुझ्या गोळ्या महिनाभराच्या घे, लगेच परत जाऊ देणार नाही. तिकिटं काढलीत की कळवा.

तुमची,
मनू
पणजी