पीक बदला म्हणता, मग अनुदान आधी द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अंबड तालुक्यातला साडेचार एकराचा शेतकरी. गेल्या दोन-तीन वर्षांपासून जो येतो तो आम्हाला एकच सांगतो, सोयाबीन-कापूस सोडा, रेशीम करा, फळबाग लावा, शेडनेट म्हणजे जाळीचं सावलीघर टाका. सांगणं चूक नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४ हजार ८९२ होता आणि आम्ही मोंढ्यात चार-सव्वाचार हजारानं पोती खाली केली, त्यामुळं हौस म्हणून कोणी सोयाबीन पेरत नाही हे लक्षात घ्या. पण पीक बदलायला पैसा आधी लागतो आणि सरकारचं अनुदान नंतर येतं, अन् आमच्यासारखे सगळे अडकतात ते नेमके इथंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या वेबसाइटवर, अर्ज करायचा, नंबर लागला की कागद टाकायचे, मग पूर्वसंमती येते. पूर्वसंमती आली म्हणजे पैसे आले असं नाही, ती फक्त परवानगी असते. आता ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या पैशानं माल घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, ते अपलोड करा, मग मोका तपासणी, म्हणजे साहेब शेतात येऊन बघणार, आणि त्याच्यानंतर कधीतरी खात्यात पैसे. मुदतीत बिल टाकलं नाही तर अर्ज रद्द. ठिबकला छोट्या शेतकऱ्याला ८० टक्के आणि बाकीच्याला ७५ टक्के हे ऐकायला फार चांगलं वाटतं, पण ते टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात, आणि वरून शंभरातले शंभर रुपये पहिल्या दिवशी आपल्यालाच काढावे लागतात.

माझं स्वतःचं सांगतो. तुतीसाठी, म्हणजे रेशीम किड्यांच्या पाल्यासाठी, दोन एकर ठिबक केलं, बिल झालं लाखाच्या वर. बँकेत गेलो तर आधीचं पीककर्ज थकलेलं म्हणून हात वर. मग गावातूनच ८० हजार उचलले, शेकडा तीन रुपयांनी, म्हणजे महिन्याला २ हजार ४०० रुपये नुसतं व्याज. अनुदान आलं चौदा महिन्यांनी. तेवढ्या दिवसांचं व्याज ३३ हजार ६०० झालं. कृषी ऑफिसात चकरा मारल्या तर एकच उत्तर, वरून निधी आला नाही. तिथले साहेब लोक वाईट नव्हते, त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं, पण माझ्या अनुदानाचा एवढा मोठा घास सावकारानं खाल्ला हेही तेवढंच खरं आहे ना.

आणि ज्याला गावातूनही उसने मिळत नाहीत तो तर अर्जच करत नाही. म्हणजे योजना छोट्या शेतकऱ्याच्या नावाची, आणि तिचा फायदा होतो तो ज्याच्याकडं नोकरीचा पगार किंवा दुसरा धंदा आहे त्याला. २०२५ पासून सोडत बंद करून आधी अर्ज करील त्याला आधी लाभ असं केलं, मला ते लॉटरीपेक्षा बरंच वाटतं, पण त्यातही ज्याला खबर आधी लागते आणि ज्याचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक), सातबारा, आधार सगळं जुळलेलं आहे तोच पुढं. आमच्याकडं अजून निम्म्या जमिनी आजोबाच्या नाहीतर चार भावांच्या सामाईक खात्यात आहेत, संमतीपत्र गोळा करता करता महिना जातो.

२०२५ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा नदीकाठच्या एका पाहुण्याचं ठिबक अनुदान यायच्या आधीच वाहून गेलं. नळ्या गेल्या, जमीन खरवडून गेली. मोका तपासणीला आता दाखवायचं काय? दुकानदाराची उधारी मात्र तशीच आहे.

मी काही सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणत नाही. रेशमाचंच बघा, आधी कोष घेऊन रात्रभर प्रवास करून कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, २०१८ ला जालन्यात बाजार सुरू झाला आणि लोकांना हिंमत आली. चॉकीचे, म्हणजे थोडे वाढवून दिलेले, रेशीम किडे घरी आणले की वीस-एक दिवसांत कोष तयार, पैसा हातात. कापसाला सहा महिने वाट बघणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं आहे! २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, ज्यांनी डोळ्यादेखत झाडं तोडून सरपणाला घातली, त्यांच्यातले किती जण आज पुन्हा झाड लावायला घाबरतात, अशा माणसाला रेशीम हा मोठा आधार आहे. पण त्यालाही शेड पाहिजे, रॅक पाहिजेत, जाळी पाहिजे. तो पैसा पहिल्या बॅचच्या आधी लागतो.

आता एक रुपयातला पीकविमा बंद करून सरकारनं कृषी समृद्धी योजना आणली, वर्षाला ५ हजार कोटी शेतीत भांडवली गुंतवणुकीसाठी म्हणून. एवढा पैसा येणारच असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की तो द्यायची पद्धत बदला. घरकुलाचा पहिला हप्ता मंजुरी झाली की आगाऊ येतो, तसं ठिबकला, शेडला, शेडनेटला का नाही? माणूस पैसे खाऊन टाकील ही भीती असेल तर निम्मी रक्कम सरळ दुकानदाराच्या खात्यात टाका, शेतकऱ्याच्या हातात देऊच नका, उरलेली तपासणी झाल्यावर द्या. नाहीतर पूर्वसंमतीच्या पत्रावर जिल्हा बँकेनं तेवढ्यापुरतं कर्ज द्यावं, आणि अनुदानाला उशीर झाला तर त्या दिवसांचं व्याज सरकारनं भरावं. आमच्याकडून थकबाकीवर व्याज घेतातच की.

हे पत्र आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या शेजाऱ्याला परवा पूर्वसंमतीचा मेसेज आला. दोन एकर जमीन, दोन लेकरं शाळेत, बायकोच्या गळ्यातलं आधीच गहाण. तो मेसेज मला दाखवायला आला तेव्हा खुश होता, मग बिल कितीचं होईल ते मी सांगितलं. त्याची मुदत चालू झालेली आहे. कृपया हे पत्र लवकर छापावं.

आपला,
एक शेतकरी, ता. अंबड, जि. जालना